तेल पाजलेली गाडी

मशीनकाकांनी आयुष्यात एकच मोठी वस्तू विकत घेतली, आणि तीही दुसऱ्यानं पुरती वापरून झाल्यावर. डिझेलवर चालणारी जुनी, छोटीशी मोटार. रंग कधीकाळी पांढरा असावा. डाव्या दाराखाली गंजानं अशी जाळी केली होती की त्यातून पीठ चाळून निघालं असतं. पण काका तिच्याभोवती असे फिरत होते, जसा नवा बाप पाळण्याभोवती फिरतो.

काकांचं काम शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं. दोन खोल्यांचं घर, त्यातली रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान. भिंतीला चामडी पट्टे टांगलेले, डब्याडब्यांतून शटल नि बॉबिनी, आणि काकांच्या शर्टाच्या खिशात कायम लांब नळीची तेलाची कुपी. त्या खिशाला धुऊन धुऊन न जाणारा डाग होता. एखादा शिंपी मशीन डोक्यावर घेऊन रडत आला की काका आधी तेल घालायचे, मग काय झालं ते विचारायचे. निम्मी मशीनं विचारायच्या आतच बरी व्हायची.

"तेलानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" ते म्हणायचे. "जास्त झालं तर दोन चिंध्या शिवून टाका. जास्तीचं चिंधीला लागेल नि बाहेर येईल. कमी पडलं तर मात्र बिचारं आतल्या आत झिजतं, आणि बोलत पण नाही."

हे त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं होतं, आणि ते दर वेळी इतकं खरं ठरलं होतं, की त्यात कुठं खोट असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

गाडी घेतली ती लेकीसाठी. लेकीचं नाव कागदावर काहीही असो, सगळे तिला बारकी म्हणत. तिशीला टेकली तरी बारकीच, कारण आधी कुणी नाही नि नंतरही कुणी नाही. लहानपणी ताप आला, तो जाताना तिचे पाय घेऊन गेला. कमरेपासून खाली लोखंडी पट्ट्या, दोन काखांत दोन कुबड्या. पाय गेले, त्यांचं सगळं बळ बोटांत उतरलं असावं. बापाच्या दुकानात बसून ती मुंगीएवढे स्क्रू नखावर पेलायची. एकदा चष्मेवाला बायकोचं मशीन घेऊन आला, त्यानं ती बोटं पाहिली, आणि मशीन राहिलं बाजूला.

"काका, ही पोरगी मला द्या."

"लग्नासाठी मागताय की काय?" आतून काकू म्हणाल्या.

"नाही हो, माझं झालंय, दुर्दैवानं," चष्मेवाला म्हणाला. "काच घासून फ्रेममध्ये बसवायला द्या. पगार देईन."

बारकी घरात हसली ती त्या दिवशी. एरवी ती खिडकीत बसून रस्ता बघायची, आणि रस्ता तिला बघून पुढं जायचा.

पण दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला, चढ ओलांडून पलीकडं. बसची पहिली पायरी बारकीच्या गुडघ्याच्याही वर. मग काकू वरून ओढणार, काका खालून ढकलणार, आणि आतली माणसं घड्याळाकडं बघणार. आठवडाभर तसं चाललं. मग एका संध्याकाळी तिनं कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि सांगितलं, "मी पोतं नाही. उद्यापासून मी जाणार नाही."

रिक्षा रोज करायची तर पगार मीटरमध्येच उतरला असता. काकांनी दुकानातलं एकमेव चांगलं, कारखान्यातलं मशीन विकलं, काकूंनी न मागता कानातली काढून दिली, आणि काका चौकातल्या टॅक्सीवाल्याकडं गेले. त्यानं नवी गाडी घेतली होती, जुनी काढायची होती. काकांनी तरुणपणी पावाचा टेम्पो चालवलेला, त्यामुळं हात बसलेला होता.

गाडी सुरू झाली तेव्हा काका दोन पावलं मागं सरले. "हे काय? दगड फुटतायत आत."

"डिझेल आहे काका, आवाज करणारच," टॅक्सीवाला म्हणाला. "पण पिते किती विचारा. चिमणीएवढं."

"आणि हा धूर?"

"म्हातारं माणूस सकाळी खोकत नाही का?" त्यानं पुढचं झाकण उघडलं, एक लांब पट्टी ओढून काढली, पुसली, आत घातली, पुन्हा काढली. टोकाशी तेल चमकत होतं. "हे तेवढं बघत जा. इंजिनाचं तेल थोडं खाते ही. या खालच्या खुणेच्या खाली गेलं की संपलीच म्हणून समजा. कमी पडू देऊ नका."

काकांचा चेहरा खुलला. इतका वेळ मोटारीतलं काही कळत नव्हतं. हे मात्र कळलं. "त्याची काळजी नको," ते म्हणाले. "तेल माझ्याकडं लागलं."

वर एक दुसरी खूण होती. तिच्याविषयी टॅक्सीवाला काही बोलला नाही. मोटारवाल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, आणि समोर मोटारवाला नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. काकांनी आपल्या मनानं ठरवलं की खालची खूण म्हणजे उपाशी, आणि वरची म्हणजे निदान एवढं तरी घाला.

दुसऱ्या दिवसापासून घराची घडीच बदलली. सकाळी काका चावी अर्धी फिरवायचे, समोर एक पिवळा दिवा लागायचा. डिझेल गाडी आत जरा तापल्याशिवाय उठत नाही. बारकी शेजारच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन त्या दिव्यावर नजर लावून बसायची.

"गेला, बाबा."

मग चावी पुढं, आणि सगळी गल्ली हादरायची. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी गाडीचं नाव खलबत्ता ठेवलं.

"काका, तुमचा खलबत्ता सुरू झाला की आमचे हे उठून बसतात," त्या गॅलरीतून ओरडायच्या. "गजराचं घड्याळ देऊन टाकलं मी."

"मग पैसे मला द्या त्याचे!" बारकी खालून ओरडायची.

ओरडावंच लागायचं, एरवी ऐकूच जायचं नाही. बापलेक सबंध रस्ता एकमेकांवर ओरडत जायची. बघणाऱ्याला वाटायचं भांडण चाललंय. आणि ती काय बोलायची, तर आज कुणाच्या चष्म्याची दांडी वाकली, कोणत्या म्हातारबुवांना काच बदलून दिल्यावर स्वतःच्या बायकोचं वय कळलं. चष्मेवाल्यानं तिला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवली होती, घासायच्या चाकापाशी. पण ती तिथून सगळं दुकान ऐकायची नि घरी आणायची. काकू म्हणायच्या, "पूर्वी हिला विचारलं तर एक शब्द निघायचा नाही, आता गप्प बस म्हणावं लागतं." आणि गप्प बस असं काही म्हणायच्या नाहीत.

रविवारी काका गाडीला तेल पाजायचे. पट्टी काढायची, पुसायची, डोळ्यांजवळ धरायची, आणि मग डबा तिरका करायचा. जरा जास्त. उतारावर उभी असते, म्हणून आणखी जरा.

"अहो, पुरे!" काकू दारातून म्हणायच्या. "पाजताय की आंघोळ घालताय?"

"तुला काय कळतंय? लेकीला नेते-आणते. तिला उपाशी ठेवू?"

"उपाशी नका ठेवू, पण अजीर्ण होईल एवढं तरी नका घालू."

मग काही दिवसांनी इंजिनाच्या सांध्यांतून तेल पाझरायला लागलं. दुसरा कुणी घाबरला असता. काकांनी चिंधीनं ते पुसलं, चिंधी काकूंना दाखवली आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "बघ. जास्तीचं आपोआप बाहेर आलं. म्हटलं नव्हतं?"

धूर वाढला होता. चढावर गाडी मधूनच आपोआप जोर करायची, पाय उचलला तरी क्षणभर पळायची. काका म्हणाले, आता अंगाला लागायला लागलंय तिच्या.

आणि मग ती संध्याकाळ आली. बारकी गाडीत बसली ती गप्पच. काकांना धास्ती बसली. चढ उतरल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली. "काय झालं? बोलले का काही?"

"बोलले."

"काय?"

"म्हणाले, उद्यापासून पुढं बस. काचेपाशी. लोकांचे डोळे मोजायचे, चष्मा चेहऱ्यावर नीट बसतो का ते बघायचं. आतल्या कामाला दुसरं कुणी ठेवतो म्हणाले." ती हातांकडं बघत होती. "बाबा, रस्त्यावरून जाणारं माणूस मला बघेल आता. कामाच्या जागी बसलेली."

काकांनी चावी फिरवली, पण दिवा विझायची वाट बघायचं विसरले. गाडी दोनदा कण्हली नि मग सुरू झाली. ती पहिल्यांदाच ओरडली नाहीत दोघं वाटेत.

घरी आल्यावर काकू लेकीसाठी इस्त्री तापवायला लागल्या. उद्या कोणता कुर्ता, यावर मायलेकींचा वाद जुंपला. काकांना घरात बसवेना. आनंद झाला की माणसाला कुणाला तरी काहीतरी द्यावंसं वाटतं. ते बाहेर गेले, गाडीचं झाकण उघडलं. दिवस रविवार नव्हता. पट्टी काढायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. डब्यात होतं नव्हतं ते सगळं ओतलं, वर डबा उलटा धरून शेवटचा थेंब झटकला. झाकण लावताना त्यावरून हात फिरवला. एवढं आपण आपल्या माणसालाही कधी वाढत नाही.

सकाळी बारकीनं पिवळा कुर्ता घातला होता. मावशींनी गॅलरीतून विचारलं, "आज काय गं, कुणी बघायला येणार आहे?"

"सगळं गाव येणार आहे!" ती म्हणाली.

चढ सुरू झाला तेव्हा गाडीचा आवाज बदलला. ती नेहमीची ठोक्यांची खडखड नव्हतीच; शिटीसारखं काहीतरी, चढत जाणारं. काकांनी पाय उचलला. आवाज चढतच गेला. त्यांनी गिअर काढला, ब्रेक दाबून गाडी कडेला थांबवली. गाडी थांबली, इंजिन थांबेना. मागून पांढरा धूर असा सुटला की रस्ता दिसेना. काकांनी चावी फिरवली. काही नाही. चावी ओढून बाहेर काढली. इंजिन आणखी किंचाळायला लागलं. गाडी जागच्या जागी थरथरत होती, जशी कुणी मानगूट धरून हलवतंय.

"बाबा, बंद करा ना!"

"बंदच आहे गं! ही बघ चावी! ही बघ!"

त्यांनी ती तिच्या डोळ्यांपुढं नाचवली. मग ते खाली उतरले, धडपडत पलीकडं गेले, दार उघडलं, आणि लेकीला उचलली. वयात आल्यावर तिनं उचलू दिलं नव्हतं कुणाला. आज मान त्यांच्या खांद्यावर टाकली. कुबड्या आतच राहिल्या. रस्त्याच्या कठड्यापाशी ते तिला घेऊन खाली बसले, तिच्या पाठीवर वाकून, तोंड झाकून. मागं तो आवाज उंच, उंच, मग आत काहीतरी फुटलं. लोखंड लोखंडावर आदळलं. आणि इतकं शांत झालं की चढावरून उतरणारं पाणी ऐकू यायला लागलं.

एक ट्रक थांबला. ट्रकवाला बराच वेळ गाडीभोवती फिरला, वाफ कमी झाल्यावर झाकण उघडलं, फडकं धरून ती पट्टी ओढली. पट्टी जवळजवळ हातभर भिजलेली. त्यानं काकांकडं पाहिलं.

"काका, हिच्यात तेल कुणी घातलं?"

"मी."

"एवढं?"

काकांनी खिशातल्या कुपीवर हात ठेवला.

"तेल वर चढलं नि हवेच्या वाटेनं आत शिरलं," ट्रकवाला हळूच म्हणाला. चांगला माणूस होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मग इंजिन डिझेल सोडतं नि तेच पीत सुटतं. चावी काढून काय होणार? ते संपेपर्यंत नाहीतर स्वतः फुटेपर्यंत धावतं. वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून द्यायचा. गुदमरून मेली असती जागीच. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

काकांनी मान हलवली. बारकी कठड्याला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पिवळ्या कुर्त्यावर काळे ठिपके पडले होते, ती ते बोटानं पुसत होती नि ते पसरत होते.

गॅरेजवाल्यानं इंजिन उघडून बघितलं आणि पुन्हा बंद केलं. "हे इंजिन नाही काका, कोळसा आहे," म्हणाला. नवं घालायचं तर गाडीपेक्षा महाग. टॅक्सीवाला येऊन उभा राहिला, डोक्याला हात लावला, म्हणाला, "मी कमी पडू देऊ नका म्हटलं होतं हो." आणि त्यातही खोटं काही नव्हतं.

थोडे दिवस रिक्षा केली. मग बसची ती जुनी ओढाताणही करून बघितली, तर काकूंची कंबर धरली. चष्मेवाला थांबला, थांबला नाही असं कुणी म्हणू नये. दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा चहा न पिताच बसून राहिला, आणि तो का आलाय हे बारकीनंच बोलून टाकलं.

"कुणाला बसवलंत पुढं?"

"भाचीला. सध्यापुरतं."

"चांगली आहे का?"

"तुझ्यासारखी नाही."

"शिकेल," बारकी म्हणाली.

काकू टोमणा मारायचा कधी चुकवत नसत. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. पुरे म्हणत होते ना, एवढे चार शब्द त्यांच्या जिभेवर होते, आणि काका रोज त्यांची वाट बघायचे. काकूंनी ते काढले नाहीत. पानात वाढताना, दिवा घालवताना, कधीच नाही. काकांना वाटायचं, ही बोलली तर निदान आपल्याला उलटून ओरडता येईल.

एकदा लेकीपाशी त्यांनी स्वतःच विषय काढला. "तुला राग येत असेल माझा."

ती मशीनचे स्क्रू डबीत लावत होती. "नाही, बाबा. मी बघत होते ना रविवारी. मला वाटलं, तुम्हाला तेलातलं कळतं."

तिनं ते इतकं साधेपणानं म्हटलं की काकांना पाणी प्यायला उठावं लागलं.

दुकानातही फरक पडला. शिंपी मशीनं परत आणायला लागले. "काका, करकरतंय हो अजून. तेल घातलं नाहीत का?" काका कुपी धरायचे, नळी भोकाशी न्यायचे, नि हात तिथंच थांबायचा. एक थेंब. तोही अर्धा. मग झाकण लावून टाकायचे. लोक दुसरीकडं जायला लागले.

गाडी दारापुढं उभीच होती. मुलं काचेवर बोटानं चित्रं काढायची. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. तो ट्रक घेऊन आला, दोरानं गाडी बांधली. "मागं कुणीतरी स्टिअरिंग धरायला बसा," म्हणाला.

काका बसले. बारकी कुबड्या टेकत आली. "मी येते."

"कशाला?" काकू म्हणाल्या. "स्मशानात पोचवायला?"

"येऊ दे," काका म्हणाले.

दोर ताणला गेला नि गाडी हलली. किती शांत! टायरांचा आवाज तेवढा. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो. काका दोन्ही पायांनी त्यावर उभे राहत होते. ओरडायची गरज नव्हती आता. चढ गेला. मग बाजारपेठ. चष्म्याच्या दुकानापाशी ट्रक गर्दीत अडकला. काचेमागं एक मुलगी उंच स्टुलावर बसली होती, समोरच्या बाईच्या नाकावर फ्रेम ठेवून बघत होती.

"वाकडी धरलीय," बारकी म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नाही. केली तिनं सरळ."

भंगाराचं आवार गावाबाहेर होतं. मोकळं माळरान, पत्र्याचं कुंपण, नि आत अशाच कितीतरी पोकळ गाड्या. भंगारवाल्यानं दोर सोडला. काकांनी लेकीला उतरवली, कुबड्या दिल्या. माणसं लगेच चाकांना भिडली.

भंगारवाला हात पुसत आला. "हं. आता तुम्ही परत कसे जाणार?"

काकांनी त्याच्याकडं पाहिलं, मग बारकीकडं. इकडं गाडीतून आलो, तर गाडीतूनच जायचं, असंच कुठंतरी धरून चालली होती दोघं.

"घरी सगळी हुशार माणसं आहेत आमच्या," बारकी म्हणाली आणि हसायला लागली. काकांनाही हसायचं होतं. तोंड तसं झालंही.

"ट्रक तर उलट्या बाजूला जातोय," भंगारवाला म्हणाला. "आणि त्याची पायरी हिला चढायची नाही. रस्त्यावर उभे राहा. येईल एखादं काहीतरी."

फाटकाबाहेर सावली नव्हती. काकांनी एक दगड बघून त्यावर लेकीला बसवली, कुबड्या शेजारी ठेवल्या. रस्त्यावर तुरळक वाहनं होती. मोटारसायकल आली, वाळूचा डंपर आला, पाण्याचा टँकर आला. काका प्रत्येकाला हात करत होते. तिला त्यात बसता येईल की नाही हेही बघत नव्हते.

"बाबा, हा तर टँकर होता."

"हो."

"तुम्ही बसा ना जरा."

"बसतो," काका म्हणाले, आणि लांब दिसणाऱ्या पुढच्या धुळीकडं बघत त्यांनी हात वर केला.